पाकीट हाती, अक्षर लागेना

मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मावसभावाने काही वर्षांपूर्वी डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यंदा ती सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघायचं ठरलं, आणि आदल्या रात्री त्या डीव्हीडीवरून काढलेल्या फाइलचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आला. टीव्हीवर अंतरपाट दिसत होता, मंगलाष्टकं ऐकू येत नव्हती. भाच्याने तोवर तीनदा फाइल कन्व्हर्ट केली होती. दर खेपेला आधीच्याच फाइलवरून नवी काढल्यामुळे चित्र आणखी धुरकट झालं होतं, आणि आवाज नव्हता तो नव्हताच.

अशा वेळी एक फरक ठाऊक असावा लागतो. फाइलच्या नावामागचं एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय हे नुसतं पाकीट. आतलं पत्र कुठल्या लिपीत आहे ते त्यावरून कळत नाही. ती लिपी म्हणजे कोडेक. चित्राची वेगळी, आवाजाची वेगळी. पणजोबांच्या वेळचा मोडीतला कागद पुष्कळ घरांत असतो. तो धडधाकट असतो, वाचणारा तेवढा उरलेला नसतो. ‘व्हिडिओ खराब झालाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा हेच झालेलं असतं. नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिलं, तर पाकिटावरची अक्षरं बदलतात. आतली मोडी मोडीच राहते.

म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा. व्हीएलसीमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की दोन्ही कोडेक समोर येतात. पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर बहुतेक लिप्या स्वतःसोबतच आणतो. त्यामुळे तिथे फाइल नीट चालली, तर ती शाबूत आहे असं समजायला हरकत नाही. फक्त कॉम्प्युटरवरच बघायची असेल, तर कन्व्हर्ट करूच नका. इंटरनेटवर फुकट मिळणारे ‘कोडेक पॅक’ही नकोत; त्यांच्याबरोबर नको ते सॉफ्टवेअर घरात शिरू शकतं.

आमच्या फाइलचं चित्र एच.२६४ होतं, ते टीव्हीला वाचता येत होतं. आवाज मात्र डीव्हीडीवरचा एसी-३ जसाच्या तसा राहिला होता, आणि या टीव्हीला तो येत नव्हता. म्हणजे दुखणं आवाजाचं, आणि भाचा तीन वेळा औषध देत होता चित्राला. अशा वेळी अ‍ॅव्हिडेमक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओसाठी ‘कॉपी’ आणि ऑडिओसाठी ‘एएसी’ निवडायचं. चित्राला धक्का लागत नाही, आणि तासाभराची फाइलही फार वेळ घेत नाही.

पण धुरकटलेलं चित्र त्याने सुधारणार नव्हतं. हे कोडेक जागा वाचवण्यासाठी डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देतात. पुन्हा कन्व्हर्ट केलं की आधीचे डागच खरं चित्र समजून यंत्र त्यातूनही आणखी टाकतं. गेलेलं परत येत नाही. दर्जाचा आकडा वाढवला तर फाइल फक्त फुगते. तेव्हा डीव्हीडीकडे परत जाणं भाग होतं.

तिथले व्हीओबी तुकडे जास्तीत जास्त १ जीबीचे असतात, ते क्रमाने घ्यावे लागतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्धुकांचं: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी त्यानंतरच्या. कॉम्प्युटर ती एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की ते जातात. शिवाय ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं हे चित्र चारास तीन या प्रमाणात दाखवायचं असतं. ते विसरलं तर नवरा-नवरी दोघंही उगाच सडपातळ होतात. दर्जाचा आरएफ आकडा मी २० ठेवला. तो जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.

मोबाइलची दुखणी वेगळी. २०१७पासूनचे आयफोन मूळ सेटिंगवर एचईव्हीसी या कोडेकमध्ये चित्रण करतात. विंडोजचा प्लेअर त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन मागू शकतो. फोन सेकंदाला चित्रं कमीजास्त घेतो, म्हणून एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात; एडिटिंगआधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावा. चित्रण चालू असताना बॅटरी गेली, तर एमपी४ची अनुक्रमणिका लिहायचीच राहते आणि फाइल उघडत नाही. ती पुसू नका. त्याच फोनवरची दुसरी धड फाइल नमुना म्हणून देऊन ती कधीकधी सावरता येते.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं नीट ऐकू आली. त्यांच्या मागे आजी कुणाला तरी अक्षता पुढे द्यायला सांगत होती. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. मावशीने ती जागा दोनदा मागे घ्यायला लावली, मग उठून कपाटातून एक चौकोनी पुडकं आणलं आणि विचारलं, “ही मूळ कॅसेट आहे रे, हिच्यावरून आणखी स्वच्छ निघेल का?”