मेलेल्या हानसाठी वाकलेलं कॅलेंडर

2006 सालच्या एका सिनेमात टोकियोच्या शिबुयामध्ये भर पाठलागात एक गाडी आडवी येऊन दुसरीवर आदळते. धडक देणारी ती गाडी चालवत कोण होतं? याचं उत्तर प्रेक्षकांना मिळालं 2013 साली, मालिकेतले आणखी तीन सिनेमे काढून झाल्यावर! अपघात आधी आणि ड्रायव्हर सात वर्षांनी, असं तुम्ही आणखी कुठे पाहिलंय?

सिनेमा होता 'द फास्ट अँड द फ्युरिअस: टोकियो ड्रिफ्ट', रस्त्यावरच्या शर्यतींच्या गाजलेल्या मालिकेतला तिसरा. पॉल वॉकर त्यात नाहीच आणि व्हिन डिझेल उगवतो तो शेवटच्या काही मिनिटांत. कमाईत हा सिनेमा मालिकेत सर्वांत मागे राहिला. तरी पुढचे सिनेमे कोणत्या क्रमाने घडणार, ते ठरवलं यातल्याच एका दुय्यम पात्राने. त्याचं नाव हान.

हान समजायचा तर आधी ड्रिफ्ट समजायला हवं. मालिकेतल्या आधीच्या बऱ्याच शर्यती सरळ रस्त्यावरच्या, म्हणजे इंजिनांची मारामारी. ड्रिफ्टमध्ये मात्र गाडी वळणावर मुद्दाम घसरवायची असते. मागच्या चाकांची पकड सुटते, गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवून, अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त करत ती घसरण तोलून धरतो. गाडीचं तोंड एकीकडे, पुढची चाकं दुसरीकडे आणि प्रवास तिसरीकडे! किनाऱ्यावर गळ टाकून बसलेला जो मासेमार नायकाच्या सरावावर शेरे मारतो ना, ते आहेत केइची त्सुचिया, खऱ्याखुऱ्या जगातले 'ड्रिफ्ट किंग'.

आता गंमत बघा. या सिनेमात माणसाचा स्वभाव संवादांत शोधायची गरजच नाही, तो वळणावर दिसतो. नायक शॉन हा अमेरिकेतून आलेला सरळ रेषेतला गडी. पार्किंगच्या इमारतीत चढावर वळण आलं की तो भिंतीला धडकतो, आणि हानच्या निसान सिल्व्हियाचा चेंदामेंदा करतो. शॉन झालेला लुकास ब्लॅक शाळकरी वाटत नाही, हे खरंच. पण त्याचं ते ठोंबेपण मला आवडतं, कारण त्याच्या चुकांमधूनच आपण ड्रिफ्ट शिकतो. खलनायक ताकाशी सुरेख घसरतो, पण जिंकण्यासाठी. चेहऱ्यावर सदा आठ्या. नायिका नीलावर मात्र अन्यायच झालाय. डोंगरातल्या रात्रीच्या त्या ड्रायव्हिंगमध्ये ती एवढी सहज दिसते, आणि कथा तिला परत दोन पुरुषांमधल्या पैजेचं निमित्त करून टाकते.

आणि हान? शर्यत नाही, पैज नाही. तो पोरींच्या गाडीभोवती आपली गाडी गोल गोल घसरवत नेतो आणि फोन नंबर मिळवून निघून जातो. गाडी फोडणाऱ्या शॉनवर तो संतापत नाही. एका गाडीच्या मोबदल्यात समोरचा माणूस कळला, तर त्याला सौदा परवडतो. वेफर्सची पिशवी त्याच्या हातातून सुटत नाही. हे खाणं कुठून आलं? दिग्दर्शक जस्टिन लिन यांच्या 2002 सालच्या 'बेटर लक टुमॉरो'मध्ये अभिनेता सुंग कांग यांनीच हान नावाचा सिगारेट ओढणारा तरुण रंगवला होता. तोच हान पुढे सिगारेट सोडून टोकियोला आला, आणि रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं होतं! पाचव्या सिनेमात टोळीतली जिझेल नुसतं त्याच्या हातांकडे पाहून हे जुनं व्यसन ताडते.

असा माणूस शिबुयातल्या त्या धडकेत जळून गेला, आणि प्रेक्षक काही त्याला सोडेनात. मग करायचं काय? इथे कामी आलं सिनेमाच्या शेवटी पेरलेलं एक वाक्य. हान पूर्वी आपल्यासोबत होता, असं व्हिन डिझेलचा डॉम शॉनला सहज बोलून जातो. पूर्वी म्हणजे कधी? या एका शब्दाच्या फटीत निर्मात्यांनी 2009, 2011 आणि 2013 चे तीन अख्खे सिनेमे बसवले! तिन्हींची कथा 'टोकियो ड्रिफ्ट'च्या आधी घडते. हान टोकियोला जायचं म्हणतो आणि जात नाही. कसा जाणार? गेला की मेला.

याची किंमत घड्याळाने मोजली. कथेत नंतर येणाऱ्या टोकियोतली पोरं 2006 चे घडीचे फोन मिरवतात. सातव्या सिनेमात डॉम आणि शॉनची टोकियोतली तीच भेट पुढे चालू राहते. कथेत मध्ये वेळ जवळपास गेलेलाच नाही, पण अभिनेत्याचं वय नऊ वर्षांनी वाढलेलं.

सहाव्या सिनेमाच्या शेवटी त्या धडकेला ड्रायव्हर मिळाला तो जेसन स्टॅथमचा डेकर्ड शॉ. अपघाताचा खून झाला. पण आठव्या सिनेमात हाच शॉ नायकांच्या टोळीत सामील, आणि हानचं नाव कुणी काढेना! चाहत्यांनी 'जस्टिस फॉर हान' अशी हाकाटी केली, आणि 2021 च्या नवव्या सिनेमात हान चक्क जिवंत परतला. मरण म्हणे बनाव होता. त्या खुलाशावर माझा काडीचा विश्वास नाही. टोकियोतलं मरण खरं होतं म्हणून तर पुढच्या तीन सिनेमांत त्याचं नुसतं हसणंही चटका लावायचं.

शॉनही त्या नवव्या सिनेमात आहे. ज्याला साधं वळण घेता येत नव्हतं, तो आता मित्रांबरोबर गाडीला रॉकेट जोडण्याच्या उद्योगात आहे. ती गाडी पोचते थेट अंतराळात, जिथे आदळायला भिंतच नाही.