व्यापारी पदवी आणि शेतकऱ्याचा मुलगा

बारावीचा निकाल लागला कीं, मुलास व्यापारी शिक्षण कोठें द्यावें, अशी पृच्छा आमच्या सभासद बंधूंकडून येऊं लागते. माल आपण पिकवावा आणि भाव दुसऱ्यानें ठरवावा, या स्थितीस कंटाळून ही ओढ उत्पन्न झाली असल्यानें ती आम्हांस इष्टच वाटते. मात्र नांवावर भुलून जमिनीचा तुकडा विकावयास निघणें आम्हांस मान्य नाहीं.

मुंबईचें सिडनेहॅम कॉलेज १९१३ सालचें, पुण्याचें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालचें; दोन्ही नामांकित. तेथें बी. कॉम. करणारा मुलगा जमाखर्च व व्यापारी कायदा यांत पक्का होईल. चाळींत कांदा किती घटतो, हें मात्र त्यास घरींच शिकावें लागेल. बी. बी. ए. साठीं २०२४ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली आहे.

राहुरीचें कृषि विद्यापीठ १९६८ सालीं स्थापन झालें. अशा विद्यापीठांच्या कक्षेंत कृषि-व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी आहे. तींत पीक व बाजार एकत्र शिकवितात. परंतु तिच्याकरितां बारावी शास्त्रशाखेची लागते! म्हणजे ही निवड वस्तुतः दहावीनंतरच होऊन जाते. वाणिज्य शाखेंत गेलेल्या मुलास हें दार मागाहून उघडत नाहीं. कॉलेज सरकारी कीं खासगी विनाअनुदानित, हेंही आधीं विचारावें, कारण फीमध्यें मोठें अंतर पडतें.

फीचा आंकडा छापलेला मिळतो. खोली व खानावळीचा आपणच मांडावा लागतो. बी. कॉम.साठीं तो तिनानें गुणावा, ऑनर्ससाठीं व कृषि पदवीसाठीं चारानें.