फुकट आलेल्या मिक्सरवर कर पडतो का?

मैत्रिणींनो, साबणाच्या वडीबरोबर शाम्पूची पुडी फुकट मिळाली, तर तिचा हिशेब आयकर खातं मागत नाही. ती खरेदीवरची सवलत झाली. पण हल्ली पुष्कळ घरांत निराळाच व्यवहार चालतो. कंपनी मिक्सर, कुकर नाहीतर क्रीम घरी पाठवते. आपण ते वापरून पाहायचं, फोटो काढायचे, अभिप्राय लिहायचा आणि वस्तू ठेवून घ्यायची. रोख पैसे हातात पडत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, "ही तर भेटच!"

पण ही भेट नव्हे. शेतावर राबणाऱ्या बाईला पैशांऐवजी धान्य दिलं, तरी ती मजुरीच ना? तसंच हे आहे. असं काम तुम्ही नियमित करीत असाल, तर तो तुमचा व्यवसाय ठरतो आणि त्यापोटी मिळालेल्या वस्तूची बाजारातली किंमत तुमचं उत्पन्न धरली जाते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं जून २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. प्रसिद्धीसाठी दिलेली गाडी, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं वापरून परत केली, तर तो लाभ नाही. ठेवून घेतली, तर लाभ. म्हणून वस्तू परत केलीत, तर पोच पावती जपून ठेवा.

आता खर्चाच्या भरपाईचं पाहू. काही कंपन्या सांगतात, "वस्तू आधी तुम्ही विकत घ्या, अभिप्राय आला की पैसे परत करू." समजा, १,५०० रुपयांची इस्त्री घेतलीत आणि १,५०० परत मिळाले. इथे उत्पन्न कोणतं? घरात राहिलेली इस्त्री. इस्त्रीचे १,५०० आणि परत आलेले १,५०० असे ३,००० धरू नका. चाचणीसाठी बोलावून रिक्षाभाडं दिलं, तर जेवढा खरा खर्च झाला तेवढा वजा होतो. वर उरेल ती मिळकत. बिलं असली, तरच हे दाखवता येतं. पाककृतीसाठी मुद्दाम आणलेलं सामानही खर्चात धरता येतं, पण घरचा महिन्याचा किराणा त्यात घुसडू नका हं!

एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांवर लाभ मिळाला, तर १ जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार कंपनीला १० टक्के कर आधी भरून घ्यावा लागतो. २४,००० रुपयांचं धुलाई यंत्र असेल, तर २,४०० रुपये. म्हणून कंपनी पॅन मागते. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच आहे.) मात्र २०,००० च्या आत कर कापला गेला नाही, म्हणजे ते उत्पन्नच नाही, असं नव्हे.

घाबरून मात्र जाऊ नका. उत्पन्न मोजणं वेगळं आणि कर पडणं वेगळं. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. भारतात राहणाऱ्यांना १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मग ते २,४०० गेले म्हणायचे का? मुळीच नाही. मुदतीत विवरणपत्र भरलंत, तर ते परत मिळतात. न मागता मात्र कुणी आणून देत नाही. आणि हे उत्पन्न तुमचं आहे, यजमानांचं नव्हे. तेव्हा विवरणपत्रही तुमच्याच नावानं भरा.

यासाठी दुधाच्या हिशेबासारखी एक वही घाला. तारीख, कंपनी, वस्तू, किंमत, ठेवली की परत केली, आणि झालेला खर्च, एवढे सहा रकाने पुरेत. मार्चअखेर बेरीज केलीत, की कर सल्लागारापुढे ठेवायला सगळं तयार असेल.