बंदूक ठाण्यात, डुकरं भातात

२०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागली ती जूनपर्यंत. काजूचा हंगामही तोच. विधानसभेची ऑक्टोबरात लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं. दोन्ही वेळा सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका ठाण्यात जमा होत्या आणि रानडुकरं मळ्यात.

इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. माझ्या कामाचा १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमात पीकराखणीसाठी परवाना कशाचा द्यायचा हे स्पष्ट आहे : ठासणीच्या बंदुकीचा. ती अपुरी पडते असं अधिकाऱ्याला पटलं, तरच काडतुशीची.

आमच्याकडे ठासणीचीच होती. नळीत दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली टोपी. एवढं करून एकच बार. तो चुकला की अंधारात सगळं पहिल्यापासून, तोवर कळप पार. विलायतेत १९८८ च्या कायद्यानं साध्या परवान्यावर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं ठेवली. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला १९३५ पासून बंदुकीत तीनच. आमचा शेतकरी त्याहून कमीत भागवत आला. कळप बुजवायला आवाजच पुष्कळ होई.

नव्वदीचं दशक मात्र विसरता येत नाही. १९९५ ला विधानसभा, ९६ आणि ९८ ला लोकसभा, ९९ ला दोन्ही. दर वेळी बंदूक ठाण्यात. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी निवडणुकांना शिस्त लावली, ती हवीच होती. पण त्या शिस्तीच्या नावाखाली राखणदाराला गुंडांच्या रांगेत उभं केलं गेलं, याचा राग अजून गेलेला नाही. एकदा बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला आतून गंज चढलेला, दस्त्याला चीर, घोड्याला सुतळीनं बांधलेली नंबराची चिठ्ठी. विचारलं, तर सही करा म्हणाले. त्याच सुमारास वडिलांनी माचावर जाणं सोडलं. पुढे वरकस जमिनीतली नाचणीही गेली.

१९८३ साली माणशी तीन बंदुकांची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आणली. योग्यच केलं, तिसरी कुणाला लागते? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हौशी शिकारीला लगाम घातला, तेही चांगलंच झालं. माझं भांडण निवडणूक आली की बंदुका ‘सरसकट’ जमा करण्याशी आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्येच हा सरसकटपणा अमान्य केला. छाननी समितीनं माणूस पाहून ठरवायचं : जामिनावर आहे का, गुन्ह्यांचा इतिहास आहे का, पूर्वी दंगलीत होता का. तरीही आमच्या गावात सगळ्यांना एकच नोटीस येते.

गावात परवानेवाले किती, हे पोलीसपाटलाला तोंडपाठ असतं. कुणावर गुन्हा आहे, हे तपासायला एक दुपार पुरे. ती दुपार काढा, आणि बाकीच्यांच्या बंदुका भात पिकताना घरी राहू द्या.