संकल्पचित्राच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन : कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या संदर्भात

बांधकाम प्रकल्पातील संकल्पचित्र कितपत यशस्वी ठरले, याचा निर्णय सामान्यतः तीन कसोट्यांवर केला जातो. अंदाजपत्रकापेक्षा खर्च किती वाढला, नकाशे किती वेळा बदलावे लागले आणि काम मुदतीत झाले काय? या कसोट्या आवश्यकच आहेत. मात्र त्या काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापाशी थांबतात आणि वास्तूचा वापर तर तेथूनच सुरू होतो.

या दृष्टीने कोल्हापूर पद्धतीचा बंधारा अभ्यासण्याजोगा आहे. नदीपात्रात ठरावीक अंतरावर खांब, खांबांना उभ्या खाचा, त्या खाचांत बरग्यांच्या दोन ओळी व मधल्या पोकळीत माती, अशी ही साधी रचना होय. पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडवायचे आणि मृगापूर्वी ते काढून पात्र मोकळे करायचे. पाणी पात्रातच साठत असल्याने जमीन फारशी बुडत नाही, आणि पुराबरोबर बराचसा गाळ वाहून जातो. राधानगरीतून सोडलेले पाणी अशा बंधाऱ्यांत अडते व काठावरचे शेतकरी ते उपसून पिकांना देतात. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधारा हे याचे परिचित उदाहरण. खर्चाच्या कसोटीवर या रचनेला तोड सापडणे कठीण!

दोष आहे तो बरग्यांत. ते गळतात, कुजतात, चोरीसही जातात. अवकाळी पावसाने नदी अचानक चढली, तर ते वेळेत काढणे अवघड होते. हा दोष देखभालीचा मानण्याची प्रथा आहे; ती पटण्यासारखी नाही. वर्षातून दोनदा, नेमक्या वेळी, पुरेसे मनुष्यबळ मिळेल हे संकल्पचित्रातीलच गृहीतक आहे. त्यामुळे ते चुकल्यास उणेपणाही संकल्पचित्राच्याच खाती मांडावयास हवा.

याउलट राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण पूर्ण भरताच ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात व पातळी उतरल्यावर मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो. येथे माणसाची वाट पाहावी लागत नाही. पण विसर्ग केव्हा करावा, हा निर्णयही त्या दरवाजांपुरता माणसाच्या हाती उरत नाही. खाली राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी या पातळ्यांच्या आसपास असताना ही उणीव जाणवते.

लाकडाऐवजी लोखंडी बरगे वापरल्याने कुजण्याचा प्रश्न सुटला. ते किती तासांत, किती माणसांनी काढायचे, हा आकडा मात्र मूल्यमापनाच्या तक्त्यात अद्याप मागितला जात नाही.