उत्तर ध्रुवाकडची सहल : आधी प्रकृती, मग तिकीट

पूर्वी आपल्याकडे उतारवयातला लांबचा प्रवास म्हणजे काशी, रामेश्वर, फार तर बद्रीकेदार. आता मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त नॉर्वे, स्वीडन, फिनलंडसारख्या देशात असते आणि आईवडिलांना 'या एकदा' असा आग्रह होतो. सहल कंपन्यांच्या जाहिरातीतही मध्यरात्रीचा सूर्य आणि आकाशातला हिरवा उत्तरप्रकाश झळकतो. तिकीट, व्हिसा, स्वेटर या सगळ्यांची चौकशी होते. राहते ती प्रकृतीची.

या प्रदेशाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शीवच्या महापालिका रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांत दीर्घकाळ चालणाऱ्या उषःकालाची वर्णने आहेत, ती उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाचीच, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा सिद्धांत पुढे विद्वानांत मान्य झाला नाही. पण तिथले दिवस-रात्रीचे गणित आपल्यापेक्षा अगदी वेगळे आहे हे मात्र खरेच, आणि आपल्या शरीराला पहिला धक्का बसतो तो त्याचाच.

सूर्याच्या भरवशावर औषध नको

समजा, शीव कोळीवाड्यातले साठी उलटलेले एक जोडपे जूनमध्ये मुलीकडे ओस्लोला निघाले. गृहस्थांना मधुमेह, बाईंना रक्तदाब. सकाळची गोळी उजाडल्यावर, रात्रीची दिवेलागणीनंतर, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, म्हणून ती सवय निभावते. ओस्लोत मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. आणखी उत्तरेला ट्रॉम्सो गावी तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही. तिथे दिवेलागणीची वाट पाहणाऱ्याची गोळी हमखास चुकेल.

म्हणून औषध घड्याळावर घ्यावे. नॉर्वेचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणजे प्रवासाचा दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीचे डोस कसे घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

झोपेचेही तेच. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन हे झोप आणणारे द्रव्य वाढते; उजेड असला की ते दबते. जाड पडदे, डोळ्यांवर पट्टी आणि ठरलेली झोपण्याची वेळ हे उपाय पुरतात. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

हिवाळा गंमत नव्हे

मुंबईत आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. फिनलंडच्या लॅपलंड भागात जानेवारीत पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरू शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त काम पडते. दमेकऱ्याला गार हवेने धाप लागते. छातीत दुखण्याचा इतिहास असलेल्यांनी हिवाळी सहलीपूर्वी तपासणी करून घ्यावीच. बाहेर पडताना नाकातोंडावर मफलर असावा.

कपडे थरांनी घालावेत : आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा अंगालगतचा कपडा, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारे जाकीट. आत सुती गंजीफ्रॉक नको. तो घामाने भिजला की ओलाच राहतो आणि अंग गारठते. बोटे बधिर, पांढरी पडली तर ती बर्फाने चोळू नयेत आणि शेकोटीवरही धरू नयेत. आडोशाला जाऊन कोमट पाण्यात ठेवावीत आणि डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी असते, त्यांनी रोज रात्री पाय निरखावेत. 'ऊब यावी म्हणून' मद्य घेणे धोक्याचे : त्वचेला गरम वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता निघून जाते.

सर्वांत मोठी भीती घसरून पडण्याची. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते. बुटांच्या तळाला लावायच्या खिळेदार पट्ट्या तिथल्या दुकानांत मिळतात. पोहोचताच त्या घ्याव्यात.

इन्सुलिन गोठले की वाया जाते. ते विमानात हातातल्या पिशवीत आणि बाहेर फिरताना जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावे.

ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य दिसतच नाही. हिवाळ्यातल्या अंधाराने काहींचे मन खचते. ज्यांना पूर्वी नैराश्याचा आजार झाला आहे त्यांनी या काळातला लांब मुक्काम टाळावा. हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्वही कमी पडते, म्हणून तिथली माणसे कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतात. आपल्याकडे बोंबील उन्हात वाळवतात. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर तसाच कॉड लाकडी मांडवांवर टांगून गार वाऱ्यात वाळवतात. कोळीवाड्यातल्या माणसाला ते पाहून घरची आठवण यावी!

मग जावे कधी?

हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी जून ते ऑगस्ट हा काळ निवडावा. लॅपलंडमध्ये तेव्हा डास फार असतात, पण त्यांच्यापासून हिवतापाची भीती नाही. उत्तरप्रकाशच पाहायचा असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बरा : रात्री पुरेशा काळ्या झालेल्या असतात आणि किनारपट्टीवर अजून बर्फ साचलेले नसते. फिनलंडमधले सौना म्हणजे वाफेचे स्नानगृह. रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच त्यात बसावे, तेही थोडा वेळ.

निघण्यापूर्वी

या देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जुन्या आजारावरचा खर्च त्यात धरला आहे का, हे नीट वाचावे. औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त न्यावीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिथे कोणी ओळखणार नाही. चिठ्ठीशिवाय तिथे प्रतिजैविके मिळत नाहीत. दुखरी दाढ आधीच दाखवून घ्यावी. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक पाठ असावा. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३.

एवढी तयारी झाली की खुशाल जावे. जाण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास चालण्याचा सराव मात्र आजपासूनच सुरू करावा.