मैत्री पार्कचा थांबा आणि मुक्कामाची गाडी

चेंबूरच्या मैत्री पार्क थांब्यास बसस्थानक म्हणावे असे तेथे काही नाही. फलाट नाही, चौकशीची खिडकी नाही, प्रतीक्षालय नाही. तरीही मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगलीकडे किंवा गोव्याच्या दिशेने निघालेल्या असंख्य कुटुंबांचा प्रवास याच रस्त्याच्या कडेवरून सुरू होतो. दादरहून येणारी शिवनेरी येथे क्षणभर थांबते. तिच्या मागेपुढे खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या थांबतात. रात्री नऊनंतर तर वळकट्या, पिशव्या आणि झोपाळलेली मुले सांभाळीत उभ्या असलेल्या माणसांची रांग वाहनांच्या रांगेशी स्पर्धा करू लागते. महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या बस वाहतुकीचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल, तर महामंडळाच्या वार्षिक अहवालाइतकेच या थांब्याचेही निरीक्षण उपयोगी पडेल.

यातील एक गोष्ट मोठी विलक्षण आहे. खाजगी गाडीची वाट पाहणारा हा समुदाय कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्याने प्रवासी बसचे दोन प्रकार मानले आहेत. प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेऊन वाटेत चढउतार करू देणारी ती टप्पा वाहतूक, आणि एका कराराने संपूर्ण गाडी ठरवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी ती कंत्राटी वाहतूक. खाजगी गाड्यांजवळ परवाना असतो तो दुसऱ्या प्रकारचा. व्यवसाय चालतो तो मात्र पहिल्या प्रकारचा. लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा यात्रेसाठी ठरविलेली गाडी आणि आसनागणिक तिकीट विकून दररोज ठरल्या वेळी सुटणारी गाडी यांत कागदावर काही फरक उरत नाही. सुमारे चार दशके हा देखावा चालू आहे. त्याचे चटके कोणास बसतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चेंबूर हे पुण्याचे प्रवेशद्वार झाले तेही तुलनेने अलीकडे. १९७३ पूर्वी मोटारीने पुण्यास जावयाचे म्हणजे ठाण्यास वळसा घालून, मुंब्र्यावरून पनवेल गाठावे लागे. त्या वेळचे चेंबूर म्हणजे ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, अणुशक्ती केंद्र आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहती. १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि शहराच्या कडेचे हे उपनगर एकाएकी दख्खनच्या वाटेवरचा नाका बनले. पुढे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्णत्वास गेला, पूर्व मुक्तमार्ग २०१३ मध्ये आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये खुला झाला. रस्ते बांधताना शासनाने हात आखडता घेतला नाही. या सर्व रस्त्यांवरून येणारा प्रवासी चेंबूरला उभा कोठे राहणार, याचा विचार मात्र कोणत्याही प्रकल्पाच्या आराखड्यात मध्यवर्ती नव्हता. कुर्ल्याच्या नेहरूनगरला एस. टी.चे आगार आहे हे खरे. परंतु ते महामार्गाच्या वाटेपासून आत आहे, आणि प्रवासी वाटेवरच थांबतो.

एस. टी.चा आरंभ १ जून १९४८ रोजी तेव्हाचे अहमदनगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावलेल्या गाडीने झाला. तत्पूर्वी खाजगी मोटारमालकांचे राज्य होते. गाडी भरेपर्यंत हलावयाचे नाही, भरल्यावर टपावरही माणसे घ्यावयाची, आणि एकाच फायद्याच्या रस्त्यावर चौघांनी परस्परांच्या पुढे जाण्यासाठी जीव धोक्यात घालावयाचा, अशी ती रीत होती. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने ही वाहतूक आपल्याकडे घेतली. राज्यनिर्मितीनंतर, १९६१ मध्ये, विदर्भ व मराठवाड्यातील सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ उभे राहिले. आरंभीच्या वर्षांत पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ व ‘गिरियारोहिणी’ या पडदे आणि घड्याळ असलेल्या आराम गाड्याही धावल्या होत्या, हे आज सांगितले तर ‘लाल डबा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांस नवल वाटेल.

या राष्ट्रीयीकरणामागील अर्थशास्त्र साधे होते. मुंबई-पुणे रस्त्यावरील गाडी भरून जाते. तिच्या नफ्यातून डोंगराळ तालुक्यातील अर्धी रिकामी गाडी चालवावयाची. संध्याकाळी गावात जाऊन तेथेच मुक्काम करणारी आणि पहाटे विद्यार्थी, दूधवाले, रुग्ण यांना तालुक्यास आणणारी गाडी कोणत्याही हिशेबाने स्वतःचा खर्च भरून काढीत नाही. विद्यार्थ्याला मासिक पासावर दोन तृतीयांश सवलत मिळते, ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. सवलतींची भरपाई शासन करते, ती अनेकदा उशिरा; परंतु मोकळ्या आसनांची भरपाई कोणीच करीत नाही. ती मुंबई-पुणे, मुंबई-कोल्हापूर यांसारख्या मार्गांनी करावी, असा हा अलिखित करार होता. मक्तेदारी दिली ती या अटीवर.

दिल्लीत १९८२ साली एशियाड स्पर्धा झाल्या आणि त्यानंतर दादर-पुणे मार्गावर ज्या निम-आराम गाड्या आल्या, त्यांना लोकांनी ‘एशियाड’ हेच नाव देऊन टाकले. हा एस. टी.च्या लांब पल्ल्याच्या सेवेचा बहराचा काळ. परंतु त्याच दशकात खाजगी आराम गाड्याही रात्रीच्या मार्गांवर आल्या, आणि १९८८ च्या नव्या कायद्याने पर्यटक परवान्याची वाट रुंद केली. दुधावरची साय निघून जाऊ लागली ती तेव्हापासून. खाजगी मालकाने मुक्कामाची गाडी कधीच मागितली नाही. त्याने मागितला तो मैत्री पार्कचा प्रवासी.

येथे इंग्लंडचा अनुभव तपासून पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या मोटार कायद्यांची घडण मुळात तिकडच्या धर्तीवर झाली. ब्रिस्टॉल ते लंडन अशी पहिली नियमित जलद बससेवा १९२५ साली सुरू झाली. तिच्या मागोमाग इतक्या कंपन्या रस्त्यावर आल्या की १९३० च्या कायद्याने प्रत्येक मार्गास परवाना आवश्यक केला. नवा परवाना मागणाऱ्याला जुन्या कंपन्यांचे व रेल्वेचे आक्षेप खोडून काढावे लागत. परिणामी पन्नास वर्षे शांतता नांदली. ती काहीशी आळसावलेली होती, असेही म्हणता येईल. १९६९ मध्ये सरकारी राष्ट्रीय बस कंपनी आली आणि तिने सत्तरीच्या दशकात आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्या ‘नॅशनल एक्स्प्रेस’ या एका नावाखाली आणल्या. १९८० च्या ऑक्टोबरात थॅचर सरकारने तीस मैलांहून अधिक अंतराच्या सेवांवरील परवान्याचे बंधन काढून टाकले.

स्पर्धा सुरू झाली आणि भाडी झपाट्याने उतरली. अनेक नामांकित खाजगी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ब्रिटिश कोचवेज’ ही आघाडी उभी केली. सरकारी कंपनीचा आता निकाल लागणार, असे भाकीत करणाऱ्यांची वाण नव्हती. घडले ते उलटेच. दोनेक वर्षांतच आघाडी मोडली आणि सरकारी कंपनी अधिक बलवान होऊन बाहेर पडली. तिच्या गाड्या काही जादूच्या नव्हत्या. तिच्याकडे देशभर विणलेले जाळे होते, आणि लंडनमध्ये १९३२ पासून चालत आलेले व्हिक्टोरिया स्थानक होते, जेथे गाडी बदलून प्रवाशाला कोठेही जाता येई. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या दुसरीकडून सुटत. भाडे कोणीही कमी करू शकतो. स्थानक एका रात्रीत उभे राहत नाही.

या कथेची दुसरी बाजूही आहे, आणि खुल्या स्पर्धेचे भाट ती सहसा सांगत नाहीत. मोठ्या शहरांमधील फेऱ्या वाढल्या. वाटेतल्या लहान गावांना मात्र द्रुतगती मार्गाने धावणाऱ्या गाड्या टाळू लागल्या. पुढे १९८६ पासून लंडनबाहेरील स्थानिक सेवाही खुल्या झाल्या. ज्या फेऱ्या कोणासही परवडत नाहीत, त्या स्थानिक परिषदांनी निविदा काढून, उघड अनुदान देऊन चालवाव्यात अशी व्यवस्था झाली. तत्त्वतः ती निर्दोष होती. २०१० नंतर परिषदांच्या तिजोरीस ओहोटी लागली, तेव्हा अनेक ठिकाणी पहिली कात्री लागली ती याच अनुदानाला.

यातून महाराष्ट्राने काय घ्यावे? एका मार्गाच्या नफ्यातून दुसऱ्याचा तोटा भरण्याची रीत अपारदर्शक असते, तरी अर्थसंकल्पाच्या कात्रीपासून ती बचावते. पण तिचे आयुष्य फायद्याचा मार्ग टिकेपर्यंतच. आपल्याकडे तो मार्ग कायदा न बदलताच, पळवाटेने, हातचा गेला. मुक्कामाच्या गाडीचे ओझे मात्र महामंडळाच्या पाठीवर राहिले. त्यातही भर अशी की एस. टी.च्या तिकिटावर शासन साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. खाजगी गाडीचा कर आसनांच्या संख्येवर असतो, विकलेल्या तिकिटांवर नसतो. जी संस्था अनुदानास पात्र मानावयाची, तिच्याच भाड्यातून वाटा उचलावयाचा, या व्यवहाराचे समर्थन करणे कठीण आहे.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. नोव्हेंबरात शासनाने अधिसूचना काढून खाजगी बस, शाळेच्या बस, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली आणि खाजगी गाड्या एस. टी.च्या स्थानकांतून सुटल्या. दादर-पुण्यास पर्याय मिळाला. ज्या गावी केवळ मुक्कामाची गाडी जात असे, तेथे वडाप मिळाले तर मिळाले. अनेक मुलींची शाळा त्या महिन्यांत सुटली. पुढे मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे लागू झाले आणि गाड्या पुन्हा भरू लागल्या, हे गावोगावी गाडीची गरज किती होती याचेच द्योतक होय.

खाजगी गाड्या बंद करा, ही मागणी आता निरर्थक आहे. रात्रीच्या लाखो प्रवाशांची सोय त्या करतात आणि महामंडळाजवळ तेवढ्या गाड्या नाहीत. भाड्यावर मर्यादा घालण्याचा मार्ग शासनाने एप्रिल २०१८ मध्ये अवलंबिला, एस. टी.च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये असा निर्णय झाला. गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत चेंबूरला उभ्या असलेल्या प्रवाशास त्या निर्णयाचा कितपत उपयोग होतो, हे त्यालाच विचारावे. त्याऐवजी नियमित धावणाऱ्या खाजगी गाडीस तिच्या खऱ्या नावाने परवाना द्यावा, प्रत्येक विकलेल्या आसनामागे आकार घ्यावा, आणि तो आकार कायद्यानेच मुक्कामाच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. अर्थसंकल्पातून दरवर्षी मागावे लागणारे अनुदान आणि कायद्याने वेगळा ठेवलेला निधी यांत फरक आहे, हे इंग्लंडच्या परिषदांनी दाखवूनच दिले आहे.

दुसरी गोष्ट स्थानकाची. महामंडळाकडे २५० आगारे आणि साडेपाचशेहून अधिक बसस्थानके आहेत, बहुतेक तालुक्याच्या ऐन मध्यभागी. व्हिक्टोरियाचा धडा लक्षात घेता ही त्याची खरी दौलत होय. तेथे व्यापारी संकुले बांधण्याच्या योजना वारंवार निघतात; परंतु खाजगी गाड्यांकडून रीतसर शुल्क घेऊन त्यांना फलाट देण्याचा विचार संपकाळातील त्या काही महिन्यांपलीकडे गेला नाही. आणि चेंबूर-मानखुर्दच्या पट्ट्यात, जेथे प्रवासी प्रत्यक्षात उभा आहे, तेथे तर देण्याजोगा फलाटच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर शिवनेरीच्या काही फेऱ्या त्यावरून वळविण्यात आल्या. त्या गाड्या पुण्यास लवकर पोहोचतात; मैत्री पार्कला मात्र त्या येत नाहीत.